एका नावाच्या दोन मालकिणी

दोन वर्षांपूर्वीच्या पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळी साडेनऊची वेळ. रक्कम दीड लाख रुपये. हजर चौघं: मी, माझी बायको, माझा मोठा भाऊ आणि वहिनी. पाचवा माणूस फोनमध्ये होता. तो मुंबईचा वकील, एका मसाल्याच्या कंपनीचा. फोन आमच्या ओसरीतल्या पाटावर ठेवला होता आणि स्पीकर चालू होता.

"आमचे अशील दीड लाखापर्यंत विचार करू शकतात," वकील म्हणाला. "पण आधी तुम्ही आकडा सांगा. तुमची अपेक्षा किती आहे?"

भावाने मला कोपराने ढोसलं आणि दोन बोटं दाखवली. दोन लाख म्हण, असा अर्थ. वहिनीने तीन दाखवली. बायकोने काहीच दाखवलं नाही. ती सुपात जवस पाखडत होती आणि फोनकडे बघतही नव्हती.

मी तिरोड्याच्या एका राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. मला कोणी "किती" असं विचारलं की खरा आकडाच तोंडातून निघतो. त्याला मी काही करू शकत नाही.

"विकायचं नाही," मी म्हणालो. "पण मला किती पडलं ते विचारत असाल तर सांगतो. घेतलं तेव्हा पाचशे एकोणपन्नास. यंदा नूतनीकरणाचे सहाशे नव्याण्णव. एकूण बाराशे अठ्ठेचाळीस."

फोनमध्ये पेन कागदावर चालल्याची खरखर ऐकू आली.

"बाराशे अठ्ठेचाळीस... हजार?"

"रुपये."

वकिलाने धन्यवाद म्हणून फोन ठेवला. भावाने कपाळावर हात मारला.

"बे, तू मानूस आहेस का तराजू? तो लाखावर बोलून राहिला अन् तू शेकड्यावर उतरला!"

"भाऊजीले बाजारात बैल विकाले धाडू नका," वहिनी म्हणाली. "बैल बी देऊन येतीन अन् वरून दावं बी."

तासाभरापूर्वीच मारबत, म्हणजे गावाची ईडापीडा घेऊन जाणारी बाहुली, गावाबाहेर नेऊन टाकली होती. भाऊ दारात उभा राहिला आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून ओरडला, "ईडा पीडा, खोकला पडसा, कंपनीचा वकील, घेऊन जाय गे मारबत!"

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. "विकाचंच नाई तं आकडा कायले पायजे होता सगळ्यांले?"

वाद कशाचा होता ते आता सांगतो.

आमच्याकडे सून घरात आली की तिचं नाव तिच्या माहेरच्या गावावरून पडतं. तिरोड्याहून आली तर तिरोडावाली, नवेगावहून आली तर नवेगाववाली. कागदावरचं नाव कागदावरच राहतं. आधार कार्ड आणि मतदार यादी सोडली तर ते कुठे कामाला येत नाही. माझ्या बायकोच्या माहेरचं नाव मी इथे लिहीत नाही. हे वाचून कोणी नव्याने नोटीस पाठवू नये, एवढंच कारण. त्या गावाला आपण अमुकगाव म्हणू. म्हणजे माझी बायको अमुकगाववाली.

अडचण अशी की वहिनीही अमुकगावचीच आहे. ती सहा वर्षं आधी या घरात आली आणि माझी सोयरीकही तिनेच जमवली. तोपर्यंत गावात एकच अमुकगाववाली होती. माझी बायको आल्यावर गावाने कोणाला न विचारता वाटणी करून टाकली: वहिनी मोठी अमुकगाववाली, माझी बायको लहान अमुकगाववाली. उंचीने माझी बायको वहिनीपेक्षा चांगली चार बोटं जास्त आहे. पण वाटणी उंचीवर झाली नव्हती.

बायको जवसाची चटणी करते. तिरोड्याच्या वीज प्रकल्पातल्या बाया आधी वाटीभर न्यायच्या, मग डबाभर न्यायला लागल्या. साहेब लोकांच्या बदल्या होतात. कोणी राजस्थानात गेलं, कोणी छत्तीसगडात, आणि तिथून फोन यायला लागले की इकडे चटणी मिळते पण ती नाही. कुरिअरने डबे जाऊ लागले. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने मग तिच्यासाठी वेबसाइट बनवली. त्यासाठी इंटरनेटवर एक पत्ता विकत घ्यायचा असतो, डोमेन म्हणतात त्याला. मुलीने फोनवर विचारलं, "आई, नाव काय देऊ?"

"नुसतं अमुकगाववाली," बायको म्हणाली. "लहान नको लावू."

मला वाटलं, नाव लांब होईल म्हणून म्हणते आहे. सूचना किफायतशीर होती, म्हणून मीही मान हलवली.

फॉर्म मी भरला. मालक कोण, तिथे माझं नाव टाकलं. विजेचं मीटर, गॅस, मोटरसायकल, पाण्याची मोटार, सगळं माझ्या नावावर आहे. हाच एक पत्ता बायकोच्या नावावर टाकावा असं मला सुचलंच नाही. शिवाय तिचा मोबाइल नंबर इंटरनेटवर कशाला द्यायचा, हाही विचार केला. डबे चांगले जात होते. दिवाळीच्या महिन्यात तर जवस दळायला दुसरी बाई लावावी लागली.

पुढच्या उन्हाळ्यात नोटीस आली. अमुकगाववाली या नावाचा ट्रेडमार्क आमचा आहे, असं ती कंपनी म्हणत होती. आणि खरंच होता. तिने नऊ वर्षांपूर्वी त्याची नोंदणी केली होती. मसाल्याच्या पाकिटावर नाकात मोठी नथ घातलेल्या एका बाईचं चित्र होतं. तिच्या हातात खलबत्ता होता आणि मागे डोंगर. अमुकगावला डोंगर नाही. त्या नावाची गावं राज्यात दहा-बारा तरी असतील. त्यातलं त्यांनी कोणतं घेतलं होतं ते त्यांनाही माहीत नसावं. नोटिशीत लिहिलं होतं की आमच्या पत्त्यामुळे त्यांच्या ग्राहकांची दिशाभूल होते, तरी पंधरा दिवसांत नाव त्यांच्या हवाली करावं.

हरलो असतो तर तुरुंगात वगैरे कोणी टाकणार नव्हतं. पत्ता गेला असता, छापलेली लेबलं गेली असती, आणि ज्यांना फक्त तो पत्ताच पाठ होता ती गिऱ्हाइकं कंपनीच्या नथवाल्या बाईकडे गेली असती. मी बायकोला म्हणालो, दुसरं नाव घेऊ, पाचशे-सहाशे रुपयांत मिळतं. ती जेवायला वाढत होती. तिने भाताचा डाव माझ्या ताटावर तसाच धरून ठेवला.

"तुमचं बदलून घ्या मंग आधी," ती म्हणाली. "सहाशेत होते म्हनता तं."

मी गोंदियाला जाऊन वकील गाठला. आमचा वकील निम्मं हिंदीत बोलतो आणि निम्मं मराठीत, आणि फी दोन्ही भाषांत एकच सांगतो. उन्हाळ्यातल्या नोटिशीला त्याने दोन पानी उत्तर पाठवलं आणि आम्ही विसरलो. मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो फोन आला. मी आमच्या वकिलाला फोनवरचं सगळं बोलणं सांगितलं, थोडं ओशाळूनच, कारण तोवर गावभर मी "बाराशे अठ्ठेचाळीस" झालो होतो. चहाच्या टपरीवर पाच रुपयांचा चहा घेतला तरी लोक विचारत, "रुपये का हजार?"

वकील मात्र खुर्चीतून उठला. "भाऊ, ये तो आपने कमाल कर दी! अहो, फासा होता तो. तुम्ही दोन लाख म्हटलं असतं ना, तर उद्या तेच लिहिलं असतं त्यांनी, की हा माणूस आमचं नाव अडवून पैसे उकळतो. खर्चापेक्षा जास्त मागितलं की बदनियत सिद्ध. आणि तुम्ही काय मागितलं? खर्च! तोही दोन पावत्यांसहित!"

मी घरी येऊन हे भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मुंबईवाल्यानं सगळ्यासाठी फासा लावला होता. फकत कंजूष मानसासाठी नाई."

नवरात्रात कंपनीने रीतसर तक्रार केली. या भांडणांसाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. लवाद नेमतात, तो ईमेलवर दोन्ही बाजूंचे कागद वाचतो आणि निकाल देतो. हरणाऱ्याचं नाव जिंकणाऱ्याला देतात. वकिलाने सांगितलं, कंपनीला तीन गोष्टी दाखवायच्या आहेत. नाव सारखंच आहे, ही पहिली. ती तर आहेच. तुमची नियत वाईट आहे, ही तिसरी; ती बाराशे अठ्ठेचाळीसने मारली. राहिली दुसरी, की या नावावर तुमचा काही हक्क नाही. एखादा माणूस त्या नावाने लोकांत ओळखला जात असेल तर त्याचा हक्क मानतात, मग त्याच्याकडे ट्रेडमार्क असो वा नसो.

"मग झालंच की," मी म्हणालो. "सगळं गाव तिला अमुकगाववालीच म्हणतं."

"उनको. आपको नही," वकील म्हणाला आणि तक्रारीतलं एक वाक्य मराठी करून वाचून दाखवलं: डोमेनचा नोंदणीकृत धारक मध्यमवयीन पुरुष असून तो 'अमुकगाववाली' या नावाने ओळखला जातो, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

हे वाक्य मी घरी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन मिलला निघालो तर भाऊ अंगणातून ओरडला, "काय वो अमुकगाववाली, आज लवकर निंगाली? स्वयंपाक झाला का?" शेजारचा म्हणाला, "पदर घे वो डोक्यावर, मोठे मानसं बसून राहिले इथं." आठवडाभर हेच. मिलच्या हमालांपर्यंत गेलं. कंपनीने माझ्याबद्दल आधार नाही म्हटलं होतं. त्या आठवड्यात निदान तीस साक्षीदार मिळाले असते.

वकिलाने उपाय सांगितला. नोंदणी नवऱ्याच्या नावावर असली तरी धंदा बायकोचा आहे आणि नाव तिचं आहे, असं दाखवू. गावातल्या लोकांची प्रतिज्ञापत्रं द्या. छापील मजकूर नको, ज्याला जे आठवतं ते त्याच्या तोंडचं हवं.

नऊ जण तयार झाले. त्यांना गाडीत घालून तहसीलच्या ठिकाणी नोटरीकडे नेलं. बायकोही सोबत होती आणि वकील गोंदियाहून तिथे आला होता. पहिला साक्षीदार आमच्या गल्लीतला म्हातारा. टाइप करणाऱ्याने विचारलं, "अमुकगाववाली म्हणजे कोण?"

"कोन म्हणजे? अमुकगाववाली!"

"हो, पण तिचं नाव?"

"तेच तं सांगून राहिलो बाप्पा, चार घंट्यापासून."

"आजोबा, खरं नाव. आधार कार्डावरचं."

म्हाताऱ्याने मागे वळून बाकावर बसलेल्या माझ्या बायकोला विचारलं, "काय वो, तुहं नाव काय आहे?"

बायकोने सांगितलं.

म्हातारा खुर्चीत पूर्ण मागे वळून बसला. "हे कवा ठेवलं?"

वकील हसता हसता टेबलावर पडायचा बाकी राहिला. हेच लिहा, तो टाइप करणाऱ्याला म्हणाला, जसंच्या तसं. चोवीस वर्षं शेजारी राहतो आणि खरं नाव आज कळलं, याहून मोठा पुरावा कोणता?

संध्याकाळी घरी येऊन मी नऊही कागद एकेक करून वाचले आणि पाचव्या कागदावर थबकलो. साक्षीदाराने लिहून दिलं होतं की अमुकगाववालीच्या लग्नात वऱ्हाडाचा ट्रॅक्टर नाल्यात फसला आणि नवरदेवाला चिखलातून चालत मांडवात यावं लागलं. माझ्या लग्नात मी बसने गेलो होतो. चिखलातून आला तो माझा भाऊ. पुढच्या कागदात अमुकगाववालीने भर ग्रामसभेत सरपंचाला हातपंपाचा हिशेब विचारून घाम फोडला होता. तीही वहिनीच. नऊपैकी चार कागद वहिनीचे निघाले. लोक खोटं बोलले नव्हते. अमुकगाववाली म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांसमोर जी आली तिच्याबद्दल तो बोलला होता.

वकिलाला फोन केला. तो थोडा गंभीर झाला. "हर्ज नाही," तो म्हणाला. "घरात दोन आहेत तर दोन सांगू. नाव कंपनीचं नाही, घराचं आहे, हे आणखी पक्कं होतं. मोठ्या वहिनींचंही प्रतिज्ञापत्र लागेल मग. आणि एक करा. काहीतरी जुनं शोधा. कंपनीच्या नोंदणीच्या आधीचं. कशावर तरी हे नाव लिहिलेलं असेलच."

कशावर असणार, ते आम्हा सगळ्यांना त्याच क्षणी कळलं. भांड्यांवर.

गावात लग्न असो की मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, असो, प्रत्येक घरची मोठी भांडी दुसऱ्या घरी जातात. ती परत यावीत म्हणून त्यांच्यावर ठोकून नाव कोरतात, आणि ज्या नावाने गाव ओळखतं तेच कोरतात. आधार कार्डावरचं नाव कोरलं तर भांडं परत येणारच नाही. मी आमच्या खोलीतली सगळी भांडी उतरवली. प्रत्येकावर कोरलेलं होतं: "ल. अमुक." कोरणारा अक्षरामागे पैसे घ्यायचा आणि लग्नानंतर भांडी मीच नेली होती. मी हिशेब केला होता. तेव्हा एका भांड्यामागे सहा अक्षरं वाचवली होती.

"ल. अमुक. चालेल?" मी वकिलाला विचारलं.

"ये क्या है, दवाई का नाम है?"

वहिनीकडे मात्र गंज होता. गंज म्हणजे मोठं उभट पातेलं. वहिनीचा पितळेचा होता, मंडईच्या दिवशी पाहुण्यांचा भात त्यातच शिजायचा. त्याच्या काठाखाली ठसठशीत, एकही अक्षर न वाचवता कोरलं होतं: अमुकगाववाली. पुढे साल. मोठी नाही, लहान नाही, कारण तेव्हा दुसरी कोणी नव्हतीच. साल कंपनीच्या नोंदणीहून कितीतरी जुनं होतं.

"फोटो काढा ना, कायले नाई," वहिनी म्हणाली. ती गंजाला चिंच लावून घासत होती, म्हणजे फोटोसाठी तिची तयारी होती. "सही बी देतो. पन एक सांगा भाऊजी. हे नाव कोनाचं आहे?"

"दोघींचं."

"पयले कोनाचं?"

"तुमचं."

"मंग तिच्या डब्यावर 'लहान' कुठं गेलं? माह्या सुनेनं मोबाइलात दाखवलं मले. नुसतं अमुकगाववाली लिवलं आहे. आता परमुलखातले लोक म्हनतीन, चटनीवाली तेच अमुकगाववाली, अन् मी कोन? 'लहान' लावा, मंग गंज घेऊन जा."

बायको दारातच उभी होती.

"बाई," ती म्हणाली. वहिनीला ती बाईच म्हणते. "घरात लहान. गावात लहान. भांड्यावर तं 'ल' अन् टिंब. चोवीस वर्षं झाले. त्या एका जागी मी नुसती आहो. ते बी तुमच्या डोळ्यात आलं?"

"लहान म्हनलं तं काय कमी होते वो?"

"तं मोठी काढून टाका तुमी."

वहिनी गंज घासायची थांबली.

"'लहान' लावाचं असन तं मले नावच नको," बायको म्हणाली. "जाऊ द्या कंपनीले."

नाव लांब होईल म्हणून तिने 'लहान' नको म्हटलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. दीड लाखाकडे तिने ढुंकून का पाहिलं नाही, तेही कळलं.

उत्तर द्यायला थोडेच दिवस उरले होते आणि दोघी बोलत नव्हत्या. मी मधे पडलो. वहिनीला म्हणालो, डब्याच्या मागे बारीक अक्षरात 'लहान' छापू. ती म्हणाली, मले चष्मा नाही. बायकोला म्हणालो, वेबसाइटवर वहिनीचाही फोटो टाकू, खाली 'मोठी' लिहू. ती म्हणाली, मग चटणीही त्यांनाच करू द्या. वकिलाला विचारलं, पत्त्यातच 'लहान' जोडलं तर? तो म्हणाला, तर ते दुसरं नाव झालं, भांडण खल्लास आणि आपणही खल्लास. भावाने माझे तिन्ही प्रस्ताव ऐकले आणि म्हणाला, "तू फकत एकच काम कर. गप बस." तोही तेच करत होता.

चौथ्या दिवशी दुपारी बायको उठली आणि मिरच्यांचं टोपलं घेऊन वहिनीच्या मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, गेली. आमची भाजीची वाडी तिला लागूनच आहे. मी वांग्यांना पाणी देत होतो. ऐकायचं म्हणून नाही, पाणी द्यायचंच होतं.

मिरच्यांची देठं तुटल्याचा आवाज यायला लागला. मग बायको म्हणाली, "नाव पयले तुमचं. मान्य आहे मले."

"मंग?"

"मंग भाडं घ्या."

"कायचं भाडं?"

"नावाचं. तुमचं नाव मी वापरून राहिली ना? दुकानाचं भाडं देते मानूस. कंपनी तं दीड लाख देऊन राहिली होती."

"ते तुह्या नवऱ्यानं बाराशेवर आनलं."

"म्हून तं तुमाले इचारून राहिली. त्याइले नाई."

वहिनी हसली. मग लगेच सावरली. "पाच हजार."

"बाई, चटनी विकतो, सोनं नाई. दोनशे."

"दोनशेत तं गंजाचं झाकन बी नाई येत. दोन हजार."

"पाचशे."

मी पाण्याचा पाइप तसाच धरून उभा होतो. एका वांग्याच्या झाडाभोवती तळं झालं. घासाघीस अकराशेवर येऊन थांबली. मग वहिनीने अटी घातल्या. दरवर्षी संक्रांतीला द्यायचं. हळदीकुंकवाला, वाणासोबत, गावातल्या बायांसमोर द्यायचं, आणि कशाचे ते तोंडाने सांगायचं.

"सांगीन."

"अन् घरात मी तुले लहानच म्हनीन."

"घरात म्हना."

"अन् हरले तं?"

"हरले तं नाव कंपनीचं. त्याचं भाडं तुमाले कायले देऊ?"

वहिनीने हे मान्य केलं. मग मोठ्याने म्हणाली, "भाऊजी, वांगे बुडून राहिले. पानी बंद करा अन् गंज घेऊन जा."

गंजाचे चार बाजूंनी फोटो निघाले. वहिनीने प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं की हे नाव प्रथम तिचं, नंतर तिच्या जावेचंही, आणि तिच्या जावेने ते चटणीसाठी वापरायला तिची हरकत नाही. "हरकत नाही" हे शब्द तिने टाइप करणाऱ्याकडून दोनदा वाचून घेतले. कंपनीच्या वकिलाने उत्तर दिलं की भांडं धारकाचं नाही, धारकाच्या भावजयीचं आहे. आमच्या वकिलाने उलट लिहिलं, बरोबर आहे, आणि आमचंही तेच म्हणणं आहे.

पौषात निकाल आला. सतरा पानं, इंग्रजीत. मुलीने पुण्याहून फोनवर मराठी करून वाचलं आणि आम्ही चौघं ओसरीत ऐकत बसलो. लवादाने लिहिलं होतं की मसाल्याच्या पाकिटावर कंपनीचा हक्क पक्का आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. पण एखाद्या भागात सुनांना ज्या रीतीने हाक मारतात ती रीत कंपनीच्या मालकीची होत नाही. धारक पुरुष असला तरी तो घरच्या धंद्यासाठी पत्ता सांभाळतो; त्यात लबाडी दिसत नाही. किंमत विचारली असता त्याने फक्त खर्च सांगितला, हेही नोंदवलं होतं. त्यानंतर जोडपत्र सात, स्वयंपाकाचे पितळी भांडे, यावर एक पूर्ण परिच्छेद होता. तक्रार फेटाळली. पत्ता आमच्याकडेच राहिला. खर्च ज्याचा त्याने सोसायचा.

"पुरा परिच्छेद?" वहिनीने विचारलं.

"पुरा," मुलगी म्हणाली.

"अन् भाऊजीवर?"

"दोन ओळी."

वहिनी समाधानाने उठली आणि फोटोंपासून ओसरीतच राहिलेला गंज तिने आत नेऊन ठेवला.

वकिलाची ठरलेली फी मी दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली आणि पावती घेतली. पत्ता बायकोच्या नावावर करून घेतला. भाड्याचे पैसे मोबाइलवरून पाठव, म्हणजे नोंद राहील, असं मी तिला सुचवलं. वहिनीच्या कानावर ते गेलं. "मोबाइलात देल्लेलं कोनाले दिसते?" ती म्हणाली.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या बाया बसल्या होत्या. मी आणि भाऊ बाहेर कट्ट्यावर होतो, दार उघडं होतं. बायकोने वहिनीला वाण दिलं, वाणावर नोटा ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे बाईच्या नावाचं भाडं. नाव त्याइचं आहे, मी वापरतो."

एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, आता आपलं बी नाव कोनी वापरते का पाहा वो!" आणि सगळ्या हसल्या.

एकूण अकराशे रुपये, रोख, माझ्या बायकोने तिच्या चटणीच्या कमाईतून वहिनीला दिले. वहिनीने ते बायांसमोर मोजले, पदराच्या गाठीला बांधले, आणि मी दारातून पावतीचं विचारलं तेव्हा ऐकू न आल्यासारखं केलं.